चेअरमन बेपत्ता

१

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. सत्याचंही तसंच आहे. कुणी ते टोपलीखाली दडपलं, कुणी त्याच्यावर खुर्ची टाकून बसलं, तरी वेळ आली की ते मान वर काढतं आणि साऱ्या जगाला जागं करतं. छत्तीस वर्षं मी लुगायोच्या शाळेत हे वाक्य फळ्यावर लिहीत आलो. निवृत्तीच्या दिवशी तर ते दोनदा लिहिलं.

गुरुवारी लुगायोत उजाडलं आणि कुणालाही कळलं नाही.

मी पावणेनऊला उठलो. सहाच्या ठोक्याला चहा ठेवणारी रोडा नेलिमा नऊ वाजता हॉटेलची फळी उघडत होती. पास्टर खाएम्बांची सकाळची प्रार्थना चुकली. पण भक्तही झोपलेले असल्यामुळे ती तक्रार देवाकडूनच आली असती तर आली असती.

चेअरमन आरवला नव्हता. मी माझ्या अंगणातल्या खुराड्यापाशी गेलो. दार नुसतं लोटलेलं, पाय बांधायची सुतळी खुंटीला लोंबकळत, आणि आत चेअरमन नाही.

चेअरमन म्हणजे आमचा लाल कोंबडा. आमच्याकडे कुणावर संकट आलं की हरांबे भरते. सगळा गाव जमतो, आपापल्या ऐपतीप्रमाणे देतो, आणि शेवटी कोंबड्याचा लिलाव होतो. जो विकत घेतो त्याने तो घरी न्यायचा नसतो. परत द्यायचा, म्हणजे पुन्हा विकता येतो. असा चेअरमन अकरा हरांबेंत विकला गेला. शाळेच्या दोन खोल्या, चर्चचं छप्पर आणि बाजारातली विहीर त्याच्या नावावर आहे. मीही एक चेअरमन आहे, या वेळच्या समितीचा. पण गावात चेअरमन म्हटलं की लोक तुरा असलेल्याचाच विचार करतात.

आणि ही बारावी हरांबे साधी नव्हती. ती जोसफात मुरुंगासाठी होती.

मुरुंगा माझा बालमित्र. तीस वर्षं या भागातल्या प्रत्येक हरांबेत लिलाव त्यानेच पुकारला. लोक त्याला हातोडाच म्हणतात. त्याच्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. एकूण सहा इंजेक्शनं घ्यायची. सरकारी विम्याचं कार्ड जेवढं पोचलं तेवढं पोचून थांबलं. पहिलं इंजेक्शन गाय विकून झालं, दुसरं मका विकून. आता विकण्यासारखं घरात काही नव्हतं. एल्डोरेट शहरातल्या इस्पितळाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "गाठ औषधाला ऐकतेय. फक्त खंड पाडू नका." तिसऱ्याची तारीख सोमवारची. हरांबे शनिवारी.

बुधवारी संध्याकाळी पाचला मुरुंगा माझ्याकडे आला होता, चेअरमनला बघायला. ऊन अंगावर असताना जाडजूड कोट घालून. इंजेक्शनं सुरू झाल्यापासून त्याला थंडी वाजायची. "तू समोर उभा राहू नकोस, म्वालिमू," म्हणाला. मी शिकवायचं सोडून सहा वर्षं झाली, तरी मला सगळे म्वालिमूच, म्हणजे गुरुजीच, म्हणतात. मी घरात जाऊन बसलो. थोड्या वेळाने तो दोन्ही हातांनी पोट दाबून, वाकून चालताना दिसला. मी आधार द्यायला धावलो तर ओरडला, "हात लावू नकोस!"

मी आत जाऊन रडलो. आणि दुसऱ्या दिवशी हे. ज्याच्या जिवावर मित्राचा जीव वाचायचा, तोच पळवला गेला होता.

२

मी नांजालाला बोलावलं आणि मुरुंगा कसा आला, कसा गेला, ते सगळं सांगितलं. टॅबिथा नांजाला किमिलिलीच्या कोर्टात एकतीस वर्षं दुभाषी होती. पोरंटोरं तिला कुखू, म्हणजे आजी, म्हणतात. मी आणि मुरुंगा म्हणत नाही, कारण आम्ही तिघं एकाच वर्गात होतो आणि ती पहिली यायची.

"एकतीस वर्षं लोकांचं खोटं मी एका भाषेतून दुसरीत नेलं," ती नेहमी सांगते. "खरं आपल्या पायाने चालत जातं. खोटं उचलून न्यावं लागतं. माझी कंबर त्यानेच गेली."

तिने सुतळी हातात घेतली. "कापलेली नाही. सोडलीय. ही गाठ?"

"मुरुंगाची. एका हिसक्यात सुटते. लिलावात कोंबडा झटकन वर धरता यावा म्हणून."

"ही कुणाकुणाला माहीत आहे?"

"अकरा हरांबे झाल्या, बाई. अर्ध्या गावाने त्याला धरलंय."

"काल संध्याकाळी मुरुंगानंतर कोण आलं?"

"आधी रोडा. साडेपाचला आली, चेअरमनला फटीतून मूठभर मका टाकून गेली. मग पास्टर, खुर्च्यांचं विचारायला. शेवटी माननीय लुस्वेटी, गाडीतून." लुस्वेटी आमच्या वॉर्डातून काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सभेवर निवडून गेलेले. "तिघंही खुराड्यावरूनच गेले."

"खुराड्यात तू कशाला हात लावलास?"

"छे! फक्त मक्याचे दाणे पडले होते ते गोळा करून डब्यात भरले. महागाई किती आहे."

नांजालाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. कोर्टात ती आरोपींकडे असंच पाहत असावी.

"किती दाणे?"

"मूठभर."

"चेअरमनला भूक नव्हती म्हणायची."

"चेअरमनला? त्याच्यासमोर टाकलेला दाणा जमिनीला लागत नाही!"

"हं," ती म्हणाली आणि छत्री उचलून चालू लागली.

आधी रोडाकडे गेलो. हॉटेलच्या मागे पिसांचा ढीग होता.

"रोडा!" मी ओरडलो. "हे काय?"

"ओरडू नका, म्वालिमू, गिऱ्हाईक आहे. पिसं पांढरी आहेत, दिसत नाहीत का? आणि तुमचा चेअरमन शिजवायला माझं पातेलं पुरणार नाही. त्याचं वय बघा! दोन दिवस उकळला तरी खाणाऱ्याचेच दात पातेल्यात पडतील."

"पांढरी," नांजाला म्हणाली. "सगळी एकसारखी पांढरी. आणि फळ्यावर लिहिलंयस, 'अस्सल गावठी कोंबडीचा रस्सा'."

रोडाने एप्रनने कपाळ पुसलं आणि आम्हा दोघांना फुकट चहा दिला. लुगायोच्या इतिहासात असं कधी घडलेलं नाही.

पास्टर खाएम्बा मक्याच्या शेतात सापडले. पाठमोरे उभे होते आणि मोबाइलवर पुटपुटत होते.

"प्रार्थना करत होतो," ते दचकून म्हणाले.

"कुणासाठी?"

"अकरा जणांसाठी."

"आणि त्यांच्या गोलकीपरसाठी वेगळी?" नांजालाने विचारलं. "किती लावलेत, पास्टर?"

पास्टर आकाशाकडे बघू लागले. तिकडून काही मदत आली नाही.

"पण कोंबडा मी नाही घेतला, कुखू. मुरुंगाने माझ्या चर्चचं छप्पर उभं केलंय. त्याच्यासाठी मी रोज प्रार्थना करतो. खरी."

"ती खरी आहे, ते कळलं," नांजाला म्हणाली. "ती आपल्या पायाने चालत आली."

परतताना मी म्हटलं, "मग राहिले लुस्वेटी. चोर तेच!"

तेवढ्यात मागून गाडीचा हॉर्न वाजला. माननीय स्वतःच आम्हाला शोधत आले होते.

३

माननीय लुस्वेटींनी काच खाली केली. "ऐकलं ते खरं? चेअरमन गेला? अरेरे! फारच वाईट!" असं म्हणताना त्यांचा चेहरा निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी उजळला होता तसा उजळला होता.

"काल तुम्ही का आला होतात, माननीय?"

"सहजच. म्हटलं, म्वालिमूंना सुचवावं, कोंबडा म्हातारा झालाय, या वेळी केक वगैरे विकावा."

"गेल्या वर्षी शाळेच्या हरांबेत चेअरमन तुम्हीच घेतलात ना? पन्नास हजाराला?"

"टाळ्या अजून कानात आहेत."

"टाळ्या आल्या," नांजाला म्हणाली. "पन्नास हजार अजून यायचेत."

काच वर गेली. गाडी गेली. मी नांजालाचा हात धरला. "बघितलंस! कोंबडा समोर आला की उधारी आठवते. ज्याला चेअरमन नको, तोच चोर!"

"बुधवारी संध्याकाळी साडेपाचला रोडाने टाकलेला मका तुझ्या डब्यात आहे, म्वालिमू," ती म्हणाली. "आता मुरुंगाला भेटून येऊ."

वाटेत जो भेटेल तो एकच विचारत होता: "सापडला का?" मोटरसायकलवाल्यांनी बातमी किमिलिलीपर्यंत नेली होती. रोडाच्या हॉटेलात उभं राहायला जागा नव्हती. अर्धे लोक पास्टरवर पैज लावत होते, अर्धे लुस्वेटींवर. दोघांनी माझ्यावर लावली होती. महिन्यातली ही तिसरी हरांबे. लोक इतके दमले होते की बुधवारपर्यंत मी चाळीस खुर्च्या पुष्कळ झाल्या असं धरून चाललो होतो. आता चार गावांपलीकडून निरोप येत होते: शनिवारी चोर सांगणार आहात ना? मग येतोच.

मुरुंगाच्या घरी रेडिओ ठणाणा वाजत होता. इंजेक्शनानंतर त्याला घड्याळाची टिकटिक सोसत नव्हती. सेलिनाने, म्हणजे त्याच्या बायकोने, ते घड्याळ शेजारी नेऊन दिलं होतं.

"पहाटे साडेचारपासून लावलाय," सेलिना कानावर हात ठेवून म्हणाली. "बातम्या ऐकायच्यात म्हणे. पण मी काही बोलत नाही. जेवायला तरी लागलाय! नाचणीच्या पेजेशिवाय काही उतरत नव्हतं, आज वाटीभर मका संपवला. खोलीचं दार लावून खातो, लाजतो बिचारा."

मुरुंगा पलंगावर कोट घालून बसला होता. चेहरा ओढलेला, पण डोळे लुकलुकत होते. मी त्याचा हात धरला. "मित्रा, मला माफ कर. माझ्या अंगणातून गेला."

"जाऊ दे रे. लोक काय म्हणतायत?"

"हादरलेत."

"किती येतील?"

"पाचशे तरी."

"खुर्च्या कमी ठेव," तो म्हणाला. "उभा असलेला माणूस खिशात लवकर हात घालतो." आणि रेडिओ आणखी मोठा केला.

बाहेर आल्यावर नांजाला फाटकापाशी थांबली. तिने छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग म्हणाली, "चोर सापडला."

"कोण? कोण?"

"शनिवारी सांगीन. तोपर्यंत तू असाच रडवेला दिस. जमेल?"

"नांजाला, मुरुंगाचं इंजेक्शन..."

"मिळेल," ती म्हणाली. "उरलेली चारही मिळतील. फक्त माइक तुझ्या हातात राहणार नाही."

४

शनिवारी मुरुंगाच्या घराशेजारच्या मैदानात पाचशे नव्हे, बाराशे माणसं होती. झाडांवर वेगळी.

स्वतःच्या हरांबेत स्वतः लिलाव पुकारायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. म्हणून मुरुंगाला पुढे खुर्चीत बसवलं होतं आणि माइक मी घेतला. मी म्हटलं, "बंधुभगिनींनो, सेलिनाबाईंनी केलेला हा केक. घ्या ना कुणीतरी. कृपया." मुरुंगाने डोळे मिटून घेतले. त्याला इतक्या वेदना होताना मी इंजेक्शनानंतरही पाहिलं नव्हतं.

नांजालाने माइक काढून घेतला.

"लुगायोकरांनो, चेअरमन चोरीला गेलाय. चोर या मैदानात बसलाय. त्याचं नाव मला माहीत आहे." बाराशे माना एकदम उंचावल्या. "हे नाव मी फुकट सांगणार नाही. नावाचा लिलाव आहे. बोला!"

मग मागून एक आवाज: "शंभर!" "दोनशे!" "आमच्या बाजारातर्फे तीन हजार!" "किमिलिलीतर्फे पाच!" आमच्याकडे बोली म्हणजे देणगी, हरलेल्याचेही पैसे टोपलीत पडतात. टोपली फिरू लागली.

"थांबा," नांजाला म्हणाली. "चौकशीत मला आणखीही काही कळलं. त्याचा चोरीशी संबंध नाही. पण बोलण्याच्या ओघात तोंडातून निघून जाईल. उदाहरणार्थ, रोडाच्या हॉटेलामागे..."

"पाच हजार!" रोडा उभी राहिली. "रोडा निर्दोष आहे एवढंच म्हणा आणि पुढे चला!"

"रोडा निर्दोष आहे. तर मग, मक्याच्या शेतात पास्टर..."

"सहा हजार," पास्टर म्हणाले. आणि आमच्या पास्टरांचं मला कौतुक वाटतं, कारण खाली बसता बसता ते पुन्हा उठले. "आणि काल जिंकलेले नऊ. कसे जिंकले ते विचारू नका. मुरुंगासाठी जिंकले."

"आणि गेल्या वर्षी शाळेच्या हरांबेत माननीय..."

माननीय लुस्वेटी स्वतः चालत पुढे आले. "शाळेचे पन्नास शाळेला आजच देतो. आणि मुरुंगाला वेगळे पन्नास. मोबाइलवरून. आत्ता. कुखू, तुम्ही पाणी प्या."

टाळ्यांनी मैदान दणाणलं. कर्ण्याने मात्र खरखर केली. तो माननीयांच्या गाडीच्या बॅटरीवर चालत होता.

"बॅटरी उतरली," नांजाला म्हणाली. "म्वालिमू, वायर मुरुंगाच्या घरात लाव. तिथे एकच प्लग आहे. रेडिओ काढ."

"नको!" मुरुंगा खुर्चीतून ओरडला. चार महिन्यांत त्याचा आवाज इतका मोठा निघाला नव्हता.

मी रेडिओ काढला.

५

आणि बंद घराच्या आतून, पलंगाखालून, बायकोच्या धुण्याच्या टोपलीखालून, चेअरमन आरवला. तीन दिवसांचं एकदम आरवला.

कर्णा सुरू झाला. नांजाला शांतपणे बोलू लागली, जणू कोर्टात शेवटची साक्ष वाचून दाखवतेय.

"रोडाने साडेपाचला टाकलेला मका सकाळी तसाच होता. चेअरमन दाणा सोडत नाही. म्हणजे तो साडेपाचच्या आधीच गेला होता. तेव्हा रोडा, पास्टर, माननीय, तिघंही सुटले. साडेपाचच्या आधी एकच माणूस आला होता. मोठा कोट घालून. जाताना पोट दोन्ही हातांनी धरून. ती गाठ त्याचीच. ज्याला टिकटिक सोसत नाही तो पहाटे साडेचारला रेडिओ लावतो. ज्याला पेजेशिवाय काही जात नाही त्याच्या बंद खोलीत मका संपतो. आणि शेवटचं: ज्याचं चोरीला जातं तो विचारतो, कुणी नेलं? या माणसाने विचारलं, किती येतील?"

बाराशे तोंडं मुरुंगाकडे वळली. मी तर वळायचंही विसरलो.

मुरुंगा कोट सावरत उभा राहिला. "बरोबर आहे," म्हणाला. "महिन्यातली तिसरी हरांबे. तुम्ही आला असतात, मला माहीत आहे. चाळीस जण. वीस-वीस शिलिंग घेऊन, मान खाली घालून. मी तीस वर्षं तुमच्या खिशात हात घालतोय. दया भाषणाच्या दुसऱ्या वाक्यापर्यंत टिकते. उत्सुकता चहा थंड होईपर्यंत टिकते. मला जगायचंय, आणि मला माझा धंदा येतो."

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलो. "मी रडलो, गाढवा!"

"म्हणूनच नाही सांगितलं. तुझं तोंड म्हणजे शाळेचा फळा. सगळा गाव वाचतो."

आधी रोडा हसली. मग पास्टर. मग ते हसू झाडांपर्यंत पोचलं आणि दोन जण फांदीवरून खाली आले.

"पण चोरी ती चोरीच!" मागून कुणीतरी ओरडलं. "दंड पाहिजे!"

पास्टर पुढे झाले. "दंड असा. चोराने चोरलेला माल स्वतः विकून द्यावा. स्वतःच्या हरांबेत पुकारायचं नाही, हा नियम मला ठाऊक आहे. पण हरांबे संपली. आता खटला चालू आहे."

सेलिनाने चेअरमन आणून दिला. मुरुंगाने माइक घेतला नाही. पहिलं वाक्य पुढच्या तीन रांगांनाच ऐकू गेलं. दुसरं मैदानभर. तिसऱ्याला माननीय लुस्वेटी आपोआप उभे राहिले. चेअरमन सात वेळा विकला गेला आणि सात वेळा परत आला. शेवटी मुरुंगाने नाईलाजाने हात खाली केला, कारण कोंबडा दमला होता. तो स्वतः दमल्याचं त्याला आठवतच नव्हतं.

चारही इंजेक्शनांचे पैसे जमले होते. एल्डोरेटची जाण्यायेण्याची भाडीसुद्धा.

मी माइक घेतला. डोळे भरून आले होते. "बंधुभगिनींनो," मी म्हटलं, "छत्तीस वर्षं मी सांगत आलो, कोंबडं झाकलं म्हणून..."

मुरुंगाने मला बोटाने जवळ बोलावलं. मी खाली वाकलो, कान त्याच्या तोंडाशी नेला. शेवटी माझे आभार मानणार होता, पन्नास वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदा.

"म्वालिमू," तो पुटपुटला, "आज रात्री त्याला जरा नीट झाकून ठेव. तीन पहाटे डोळ्याला डोळा नाही. मला सात वाजेपर्यंत झोपायचंय."